अकरा स्क्रूंचा पत्रा

साताऱ्याच्या आमच्या घरी येणाऱ्या माणसाला मी दोन गोष्टी दारातच सांगते. एक, कुत्रं भुंकतं पण चावत नाही. दोन, कपाटावरच्या विमानाला हात लावायचा नाही. पहिली कुणाला पटत नाही आणि दुसरी कुणी पाळत नाही. माणूस कुत्र्याला घाबरत आत येतो आणि सरळ विमानाकडे हात नेतो. मग माझा आवाज चढतो. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आहे मी, आवाज चढवायला मला काही कष्ट पडत नाहीत. विमान लाकडाचं आहे, हातभर लांब, आणि त्याच्या चांदीवर व्हार्निशचा हात मारलेला नाही. बोट टेकलं की ठसा उठतो. डाव्या कुशीला असा एक ठसा आधीचाच आहे, सांगलीच्या एका म्हाताऱ्या बाईंचा. तो पुसू नये म्हणून माझा हा सगळा पहारा. त्या बाई गेल्यावर विमान माझ्याकडे परत आलं. आता तर बाजारात चांदीचे फवारे मिळतात, चकचकीत कागद मिळतात, कुणीही उठून विमान रंगवतो. रंगवा बाबांनो. पण ते खरं दिसायला काय लागतं, हे मी उंब्रजला शिकले आणि ते शिकताना माझी पाचावर धारण बसली होती.

उंब्रजचं आमचं घर हायवेच्या अंगाला. ट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणायची. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आभाळातून काळी काजळी पडायची, वाळत घातलेल्या धुण्यावर, पापडांवर, माणसांच्या डोक्यावर. आई मी तिसरीत असताना गेली. घर सांभाळायला अप्पांची थोरली बहीण होती, आक्का. तिचा हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. काजळी पडायला लागली की ती अंगणात उभी राहून कारखान्याला अशा शिव्या द्यायची, की चेअरमनला उचकी लागावी. तिची शेंगदाण्याची चटणी मात्र अख्ख्या आळीत नावाजलेली. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, एवढंच. पण उखळात कांडताना तेल सुटायला लागलं की त्या वासानं पोट भरलेला माणूससुद्धा भाकरी मागायचा. अप्पा हवाईदलात, विमानाच्या पत्र्याचं काम करणारे. सुट्टी संपवून निघाले की आक्का त्यांच्या ट्रंकेत चटणीचा डबा ठेवायची. मग महिन्याभरानं पत्र यायचं: "चटणी पोचली. निम्मी आमच्या सांगलीच्या साहेबांनीच संपवली." हे साहेब म्हणजे विमान उडवणारे एक तरुण अधिकारी. आपल्या भागातला फिटर भेटला म्हणून ते रोज अप्पांच्या डब्यात हात घालायचे. आक्काला त्याचा केवढा अभिमान! "माजी चटणी इमानात बसती," असं ती विहिरीवर सांगायची.

पुढं अप्पा पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. पहिल्याच दिवशी आक्कानं ताटात चटणी वाढली आणि अप्पांनी ती बोटानं ताटाच्या कडेला सारली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आक्का फुटली. "इतकी वर्सं खाल्लीस, आता काय इख घातलंय व्हय मी त्यात?" अप्पा नुसतं म्हणाले, "नगं वाढू, आक्का." त्यानंतर तिनं कधी वाढली नाही आणि त्यांनी कधी मागितली नाही. कांडायची मात्र, आम्हा बाकीच्यांसाठी, आणि जरा जास्तच आवाज करून कांडायची. घरात त्या एका गोष्टीची सल राहून गेली. मी विचारायला गेले तर अप्पा उठून ओसरीवर जायचे आणि लाकूड तासत बसायचे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची विमानं करायचे ते. कुणाच्या पोराला, कुणाच्या शाळेला, फुकट वाटायचे. पुढं त्यांच्या हातांना कंप सुटला. तासणं, घासणं जमायचं, पण रंगाचा ब्रश धरला की हात थरथरायचा. म्हणून रंगवणं माझ्याकडं आलं. मी तेव्हा कराडला कॉलेजात होते, चित्रकलेच्या परीक्षेत वरचा नंबर काढलेला, त्यामुळं भलतीच शेफारलेली.

अशात सांगलीहून एका निवृत्त गुरुजींचं कार्ड आलं. मीच ते मोठ्यानं वाचलं. आमचा मुलगा श्रीधर हवाईदलात होता, नऊ वर्षांपूर्वी त्याचं विमान पडलं, उंब्रजला कुणी हुबेहूब विमानं करतात असं ऐकलं, त्याच्या विमानासारखं एक करून द्याल का, यंदाच्या त्याच्या स्मृतिदिनी फोटोपुढं ठेवावं अशी त्याच्या आईची इच्छा आहे. दिवस महिन्यावर आला होता, रविवारचा. वाचून मी वर बघितलं तर अप्पा भिंतीला टेकून बसलेले, चेहरा पांढरा. "करू म्हन," एवढंच म्हणाले. मी खूश. मला वाटलं, चला, झकास रंगवायला मिळणार!

लाकूड तयार झालं आणि मी हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी रंगाचा डबा आणला. अर्ध्या दिवसात सगळं विमान चकचकीत करून अप्पांपुढं ठेवलं. त्यांनी ते उन्हात धरलं, तिरकं केलं, आणि म्हणाले, "सुमे, हे इमान हाय का ग्येट?" मला इतका राग आला! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं होतं. फाटकाला मारतात तो रंग तो. दाणेदार, सगळीकडं सारखा, मुका. अप्पांनी तो सगळा घासून काढायला लावला. मग शिकवलं. आधी आरशासारखा काळा रंग. चांदीखाली काळं असलं तरच चांदीला खोली येते, हे मला तिथं कळलं. त्या काळ्यावर धुळीचा कणसुद्धा चालत नाही, आणि आमच्याकडं तर आभाळातून काजळी पडत होती. म्हणून आक्काचं कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालून त्यावर ओलं धोतर पसरलं आणि आत विमान वाळत ठेवलं. दोन कोंबड्या बेघर झाल्या, त्या दिवसभर माझ्या मागं ओरडत फिरल्या. काळा वाळला की जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं घासायचा. मग ॲल्युमिनियमची पूड अगदी पातळ लावायची आणि बोटाला चिंधी गुंडाळून चोळत राहायचं, चोळत राहायचं, खांदा भरून येईपर्यंत. आणि एक दिवस तिसऱ्या प्रहरी, ऊन कलतं झालेलं असताना, ते लाकूड माझ्या हातात पत्रा झालं. खोटं नाही सांगत, मी दचकून विमान खाली ठेवलं.

"आता खरं काम," अप्पा म्हणाले. खरं विमान एकरंगी नसतं. ते पत्र्यांचे तुकडे जोडून केलेलं असतं, आणि प्रत्येक तुकड्याचं वय वेगळं, उन्हाकडं बघण्याची तऱ्हा वेगळी. इंजिनाजवळचे पत्रे तापून तापून तपकिरी झाकोळतात, पंखाच्या मुळाशी माणसांचे बूट घासून तो भाग मंद होतो. मग आम्ही एकेका तुकड्याच्या कडेनं चिकटपट्टी लावून आतल्या भागावर काळ्या-तपकिरी रंगाचा धुरकट हात फिरवायला लागलो. चिकटपट्टी आधी माझ्या दंडावर दोन-तीनदा चिकटवून तिचा जोर मारायचा, नाहीतर काढताना खालची चांदी घेऊन यायची. माझ्या दंडाची लव गेली त्या महिन्यात. अप्पा शेजारी बसून सांगायचे, "ह्यो जरा मळका. ह्यो त्येच्यापेक्षा कमी." सगळं विमान त्यांना तोंडपाठ होतं. असं करत करत डाव्या कुशीशी आलो. तिथं पोस्टाच्या तिकिटाएवढा एक तुकडा होता. मी ब्रश उचलला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ह्येला काय लावू नगं. ह्यो उजळच ऱ्हाऊ दे. ह्यो नवा हाय."

"नवा म्हंजी?"

हायवेवरून एक ट्रक गेला, भांडी वाजली, थांबली. "आदल्या दिवशी मीच बसवला," ते म्हणाले. "जुन्याला चीर पडलेली. अकरा इस्क्रू. मीच आवळलं, मीच सही केली. सकाळी साहेब त्येच इमान घिऊन गेलं, आन् माघारी आलं न्हाईत."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. चटणी संपवणारे सांगलीचे साहेब म्हणजेच हा श्रीधर. मला हे आधी कसं कळलं नाही, असं आज वाटतं. पण त्या वयात मला माझ्याखेरीज कुणाचं काही कळत नसे. चौकशी झाली होती, पक्षी धडकला असं कागदावर लिहून आलं होतं, अप्पांवर कसलाही ठपका नव्हता. तरी अप्पांचं मन त्या कागदावर बसेना. एखादा स्क्रू ढिला राहिला असेल का? राहिला असेल का? नऊ वर्षं हेच. "त्या आई-बापास्नी सांगाया पायजे, सुमे. पत्र लिहाया बसतो, हात चालत न्हाई. तोंडानं तर न्हाईच जमणार. पर ह्यो तुकडा बघून त्यांनी इचारलं, ह्यो येगळा का, तर मला सांगावंच लागंल. मग सुटका न्हाई." मी म्हणाले, आणि त्यांनी तुम्हालाच दोषी धरलं तर? "धरू देत," अप्पा म्हणाले. पण आवाजात तेवढा दम नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळं झालं होतं. शनिवारी मी सकाळच्या कॉलेजला गेले होते, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं सांगलीला निघायचं होतं. परत आले तर आक्का ओसरीवर हसतमुखानं बसलेली, पुढ्यात राखेची वाटी आणि चिंध्या. "ये गं, बघ. तुमच्या दोगांच्यानं एवढंबी झालं न्हाई. मेलेल्या पोराच्या फोटूम्होरं काळी पडल्याली चांदी ठेवत्यात व्हय? उजळून टाकली की मी." चाळलेली मऊ राख घेऊन तिनं, देव्हाऱ्यातला लक्ष्मीचा मुखवटा घासावा तसं, सगळं विमान मायेनं घासलं होतं. वरचे धुरकट हात गेले होते आणि खालची कोरी चांदी सगळीकडं लखलखत होती. पंखावर बूट नाहीत, इंजिनाजवळ धूर नाही. आणि डाव्या कुशीचा तो नवा तुकडा? आता सगळेच नवे. त्यात तो शोधूनही सापडेना.

मी किंचाळले नाही, हे माझं मलाच नवल. कारण पहिल्यांदा मनात काय आलं, ते आज कबूल करते. बरं झालं, असं आलं. आता अप्पांना काही सांगावं लागणार नाही. अप्पा रानातून आले, त्यांनी विमान बघितलं, आणि खाली बसले. आक्का घाबरली. "काय चुकलं का रं?" अप्पांनी तिलाही सगळं सांगितलं, तुकडा, अकरा स्क्रू, सगळं. तिनं पदर तोंडाला लावला. "मला कुनी सांगितलं व्हतं का रं! मला काय ठावं!" अप्पा म्हणाले, "तुजी चूक न्हाई. देवानंच झाकलं म्हनायचं. असू दे असंच." आणि त्यांचा चेहरा सैल झाला. उठून ते कोंबड्यांना दाणे टाकायला लागले, कोंबड्यांशी बोलायला लागले. इतके हलके मी त्यांना कधी बघितलं नव्हतं आणि मला त्याची भीती वाटली.

सत्यासाठी मी पुढचं केलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं नाही. दोन-अडीचचं ऊन ओसरीवर आलं, विमानावर पडलं, आणि ते मला सोसेना. महिनाभर दंडाची सालटी काढून केलेलं माझं काम! "मी न्हाई हे नेणार," मी ओरडले. "ह्ये इमान न्हाई. ग्येट हाय ह्ये ग्येट! माझं नाव सांगू नका कुनाला." अप्पांचा दाण्याचा हात थांबला. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, मग विमानाकडं. एक कोंबडी त्यांच्या पायावर चोच मारत होती, तिच्याकडंही त्यांचं लक्ष नव्हतं.

"ऊन किती येळ हाय?" त्यांनी विचारलं.

"तीन तास."

"ब्रश काढ."

ते तीन तास मी विसरणार नाही. चुकायला जागा नव्हती. एक हात जास्त लागला असता तर खालची चांदी विरघळून काळं उघडं पडलं असतं, आणि ते परत करायला आठवडा. नेमकी वाऱ्यानं दिशा बदलली आणि काजळी पडायला लागली. मी रडकुंडीला आले. तेव्हा आक्का आत गेली, आपलं धुवट लुगडं पाण्यात बुडवून पिळून आणलं, त्याचं एक टोक ओसरीच्या खुंटीला बांधलं आणि दुसरं दोन्ही हातांनी उंच धरून आमच्यावर छत करून उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत उभी राहिली. कारखान्याला एक शिवी दिली नाही. मी पट्टी लावत होते, अप्पा सांगत होते, "मळका. कमी. अजून कमी. बास." डाव्या कुशीचा तुकडा त्यांनी स्वतः, ठसा उठू नये म्हणून मऊ चिंधी घेऊन, तळहातानं झाकून धरला. शेवटी सुई मागितली आणि थरथरत्या हातानं त्या तुकड्याच्या कडेला अकरा टिंबं टोचली. एकही वाकडं पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीत अप्पांनी विमान मांडीवर घेतलं, फळीवर ठेवलेलं, वरून तेच डालगं. कंडक्टर थांबला. "काय हाय? कोंबडी आसंल तर तिकीट लागंल."

"इमान हाय," अप्पा म्हणाले. अख्खी गाडी हसली. मी हसले नाही आणि अप्पाही नाहीत.

सांगलीत गावभागात गुरुजींचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर फोटो, ताजा हार, समईशेजारी पाटावर विमानासाठी मोकळी जागा. गुरुजी उंच, कृश. त्यांच्या पत्नी, माई, एवढ्याशा. आम्हाला कोण आनंदानं घेतलं त्यांनी! गुरुजींनी चष्मा पुसून विमान चारी बाजूंनी बघितलं, पंखावरचे बुटांचे घासे बघितले, धूर बघितला. "खरंच वाटतं हो," असं चारदा म्हणाले. लाकूड कुठलं, किती दिवस लागले, रंग कुणी दिला, सगळं विचारलं. फक्त त्या तुकड्याचं विचारलं नाही. चहा झाला, पोहे झाले. ऊसदराच्या गप्पा झाल्या. मग गुरुजींनी विमान पाटावर ठेवलं, उजवी कूस पुढं, डावी भिंतीकडं. झालं! आता कुणाला तो तुकडा कधीच दिसणार नव्हता. मी अप्पांकडं बघितलं. ते गुडघ्यावर हात रोवून उठले.

"तसं नगा ठेवू, गुरुजी," ते म्हणाले, आणि पाटापाशी जाऊन त्यांनी विमान फिरवलं.

माई पुढं झाल्या. त्यांचं बोट थेट तिथं गेलं. "हे एवढंच उजळ कसं?"

अप्पांनी उभ्याउभ्या सांगितलं. पत्रा, चीर, सही. काही झाकलं नाही. गुरुजींनी चष्मा काढला. "पक्षीच होता ना?"

"कागदावर व्हय."

"आणि तुमच्या मते?"

"अकरा इस्क्रू आवळलं व्हतं मी. नऊ वर्सं मोजतोय. रोज अकराच भरत्यात. तरी रोज मोजतोय."

मला वाटलं, आता गुरुजी दार दाखवणार. माईंचं बोट अजून त्या तुकड्यावरच होतं. त्यांनी मान वर केली.

"म्हणजे त्या दिवशी सकाळी तुम्ही होतात त्याच्याजवळ?"

"व्हय."

"त्यानं काही खाल्लं होतं का हो?"

अप्पांना प्रश्नच कळला नाही. माईंनी पुन्हा विचारलं, हळूच, "सकाळी उठून काही खायचा नाही तो. किती ओरडायचे मी. त्या दिवशी काही खाल्लं होतं का?"

"खाल्लं," अप्पा म्हणाले. "इमानाच्या पंखाखाली बसून, माझ्या डब्यातलं. दोन चपात्या, शेंगदाण्याची चटणी. माझी आक्का करून द्यायची. शेवटचा घास माझ्यासाठी ठेवला व्हता, मी म्हटलं तुमीच खावा साहेब, तर त्योबी खाल्ला. डबा पुसून खाल्ला."

"उपाशी नाही गेला," माई म्हणाल्या. नवऱ्याकडं वळून पुन्हा म्हणाल्या, "ऐकलंत का, उपाशी नाही गेला." आणि मग त्या रडल्या, मोठ्यानं. गुरुजींनी अप्पांचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. "एवढे कागद आले सरकारचे," ते म्हणाले, "पण हिला हवं होतं ते कशात लिहिलेलं नव्हतं." त्यांनी बराच वेळ हात सोडला नाही. माईंनी बोट उचललं तेव्हा तुकड्यावर ठसा राहिला होता. मी चिंधी काढली आणि परत पिशवीत ठेवली.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. आक्का दारातच उभी. तिनं काही विचारलं नाही, ताटं मांडली. अप्पा पाटावर बसले, भाकरी मोडली, आणि म्हणाले, "आक्का, चटणी वाढ."

आक्काचा हात हवेतच राहिला. मग तिनं नाक ओढलं. "आदी हात धू," ती म्हणाली, "बोटं बघ कशी चांदीनं भरल्यात." आणि अप्पा उठायच्या आत तिनंच घाईघाईनं त्यांच्या ताटात चटणी वाढली, एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.